भांडणाच्या अंतरावर

महागडी इलेक्ट्रिक गिटार घ्यावी की नाही, हा प्रश्न कुणी कुणाला विचारत नाही. तो निर्णय केव्हाच झालेला असतो, बहुधा रात्री साडेअकराला, मोबाइलवर, घरातली बाकीची मंडळी झोपलेली असताना. चर्चेला येतो तो पुढचा प्रश्न: इथून घ्यायची की बाहेरून मागवायची? या एका प्रश्नावर मुंबई-पुण्याचा हौशी वादक जेवढा अभ्यास करतो, तेवढा त्याने सप्तकावर केला असता तर लोक आपण होऊन त्याला गिटार द्यायला आले असते. एक्सेलमध्ये तक्ता तयार होतो. त्यात डॉलरचा भाव, पार्सलचं भाडं, कस्टम ड्यूटी आणि न्यू जर्सीच्या मावसभावाची भारतात यायची तारीख असे रकाने असतात. या तक्त्याचं खरं काम स्वस्त गिटार शोधणं हे नाहीच. खर्चाला बचतीचं रूप द्यायचं, हे आहे. ‘तीन लाखांची गिटार घेतली’ हे वाक्य घरात उच्चारायला छातीला कवच लागतं. ‘चाळीस हजार वाचवले’ हे मात्र पोळीवर तूप घेता घेता सांगता येतं. परदेशी खरेदीच्या कल्पनेतलं निम्मं बळ या दुसऱ्या वाक्यात आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं की इतकी महाग वस्तू आपल्याला भांडायला जाता येईल अशाच ठिकाणी घ्यावी. रिक्षाने, लोकलने, फार तर एका रात्रीच्या एसटीने जिथे पोचता येतं आणि काउंटरवर हात ठेवून ‘हे काय दिलंत तुम्ही?’ असं मराठीत किंवा मराठी वळणाच्या हिंदीत विचारता येतं, ते दुकान आपलं. दुकानदार जास्त घेतो ते पैसे या अंतराचे असतात, आणि ते रास्त असतात. यावर जे आक्षेप घेतले जातात ते पुष्कळ आहेत आणि काही खरोखर वजनदार आहेत, म्हणून जरा विस्ताराने बोलायला हवं.

आधी एक गैरसमज दूर करू. ‘इथली’ गिटार म्हणजे स्वदेशी गिटार नव्हे. फुर्ताडोंच्या दुकानाचं नाव मुंबईच्या वाद्यबाजारात 1865 पासून आहे, आणि त्याच्या धोबीतलावच्या परिसरात गोव्याहून आलेल्या वादकांच्या पिढ्या गावोगावच्या कुडांत, म्हणजे आपापल्या गावाच्या सामायिक बिऱ्हाडांत, राहून नाइट क्लबांत आणि हिंदी सिनेमांच्या वाद्यवृंदांत वाजवत आल्या. पण तिथल्या भिंतीवर टांगलेली महाग गिटार काही धोबीतलावला जन्मलेली नसते. गिब्सन नॅशव्हिलहून येते. फेंडरची अमेरिकन गिटार कॅलिफोर्नियातल्या कोरोना गावची, आणि तीच कंपनी सरहद्दीपलीकडे मेक्सिकोतल्या एन्सेनाडातही कारखाना चालवते. पीआरएसची बडी गिटार मेरीलँडची, तिची एसई नावाची धाकटी बहीण इंडोनेशियाची. गिब्सनच्याच घरातली एपिफोन चीनमधून येते. अस्सल देशी म्हणावी अशी कलकत्त्याची गिवसन होती आणि आहे. नावात एका अक्षराचा फरक करून तिने दोन पिढ्यांना बोटं सोलून घ्यायला शिकवलं, त्याबद्दल तिला नमस्कार. पण आजचा विषय तिचा नाही. तेव्हा देशी खरेदीच्या अभिमानाला या वादात जागा नाही. दोन्हीकडची गिटार तीच आणि एकाच कारखान्याची. फरक एवढाच की इथल्या दुकानातल्या गिटारसाठी कस्टमशी कुणीतरी आधीच भांडून ठेवलेलं असतं.

आता हिशेब करू. अमेरिकन दुकानाच्या संकेतस्थळावर गिटारची किंमत 2,500 डॉलर दिसते. डॉलर 85 रुपये धरला तर 2,12,500. मुंबईचा दुकानदार तीच गिटार समजा 3,10,000 ला सांगतो. फरक साडेसत्त्याण्णव हजारांचा. आपल्या माणसाचं गणित इथे थांबतं आणि राग सुरू होतो: लुटतात साले! पण वेबसाइटवरची किंमत अर्धवट कपड्यांत उभी असते. तिच्यावर पार्सलचं भाडं आणि विमा चढवा, 200 डॉलर म्हणजे 17,000 रुपये. सरकार ड्यूटी लावतं ती या बेरजेवर, म्हणजे भाड्यावरही ड्यूटी आणि विम्यावरही ड्यूटी. 2,29,500 वर वाद्यांच्या सदराखाली व्यापाऱ्याला लागतो तो दहा टक्के दर लावला तर 22,950. त्या ड्यूटीवर दहा टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे 2,295. तुमच्या छंदातून समाजाचं झालेलं हे एकमेव कल्याण. मग गिटार, भाडं, विमा, ड्यूटी आणि अधिभार या सगळ्यांच्या बेरजेवर अठरा टक्के आयजीएसटी, 45,854. एकूण 3,00,599 रुपये. शिवाय क्रेडिट कार्डवाली बँक परकीय चलनासाठी तीन-साडेतीन टक्के आपला हात मारते, आणि कुरिअर कंपनी तुमच्या वतीने ड्यूटी भरल्याबद्दल वेगळं शुल्क लावते. साडेसत्त्याण्णव हजारांचा डोंगर पोखरला, उंदीरही हाती आला नाही. उलट घरातलं थोडं धान्य गेलं.

कुणी म्हणेल, हे दर व्यापाऱ्याचे आहेत, स्वतःसाठी मागवलेल्या पार्सलचं सदर निराळं असतं. असतं खरं. त्या सदराचा दर अर्थसंकल्पागणिक वरखाली होत आला आहे, आणि अनेक वर्षं तो व्यापाऱ्याच्या दरापेक्षा बराच चढा होता. म्हणजे आपला ग्राहक ज्या फरकासाठी दुकानदाराला दूषणं देतो, त्यातला मोठा भाग दिल्लीत ठरतो. दुकानदाराची तिथे सोय एवढीच की तो हे काम रोज करतो. त्याचा दलाल ठरलेला, फॉर्म ठरलेले, चेहरे ओळखीचे. आपला माणूस मात्र आयुष्यात पहिल्यांदा आधार आणि पॅनच्या प्रती कुरिअरवाल्याला पाठवून गिटार ‘वैयक्तिक वापरासाठी’ असल्याची ग्वाही देतो आणि पार्सलचा माग काढायला लागतो. गाडी ‘क्लिअरन्स इव्हेंट’ या शब्दांवर येऊन थांबते. पुढचे पाच दिवस हा इसम ऑफिसात दर अर्ध्या तासाने तो एक शब्दप्रयोग वाचतो. या मजुरीचा दर एक्सेलमध्ये कुणी धरत नाही.

इथे मावसभावाचा प्रवेश होतो. पार्सलचा मार्ग बंद झाला की मराठी मन नात्याकडे वळतं, आणि न्यू जर्सीच्या एडिसनमध्ये कुणाचंच कुणी नाही असं कुटुंब हल्ली सापडणं कठीण. ‘येताना जरा गिटार घेऊन येशील का?’ या वाक्यातला ‘जरा’ फार कामाचा आहे. गिटार कडक केससकट नऊ-दहा किलो भरते, लांबी मीटरभराहून अधिक, आणि लांबी-रुंदी-उंचीची बेरीज विमान कंपन्यांच्या 62 इंचांच्या मर्यादेच्या काठावर किंवा पलीकडे. दोन बॅगांची मुभा असलेला भाऊ त्यातली एक तुमच्या नावे करतो, याचा अर्थ बदाम, चॉकलेटं, व्हिटॅमिनच्या बाटल्या आणि सासूबाईंचा ब्लड प्रेशर मोजायचा यंत्रसंच हे सगळं एका बॅगेत कोंबायचं असतं. वहिनी यावर काही बोलत नाहीत. त्यांचं न बोलणं पुढे कैक वर्षं टिकतं.

बरं, भावाने आणली असं धरून प्रामाणिक हिशेब करू. न्यू जर्सीत 6.625 टक्के विक्रीकर लागतो, तो वेबसाइटच्या किमतीत नसतो. त्याचे चौदा हजार. 2016 च्या बॅगेज नियमांनी परत येणाऱ्या भारतीयाला 50,000 रुपयांपर्यंतचा माल ड्यूटीविना आणायची सवलत दिली आणि वरच्या रकमेवर अधिभार धरून 38.5 टक्के ड्यूटी बसायची. सवलतीची रक्कम काय, दर काय, सरकार ते बदलत असतं. पण तीन लाखांची गिटार मावेल एवढी सवलत कुठलंही सरकार देणार नाही. त्या नियमाने 1,62,500 रुपयांवर ड्यूटी 62,562. सगळं मिळून 2,89,000 च्या आसपास. म्हणजे वहिनींचं मौन विकत घेऊन दुकानाच्या भावापेक्षा वाचले ते एकवीस हजार. यावर एक हुशार सूचना हमखास येते: नवरा-बायको दोघं येताहेत, दोघांची सवलत जोडा. नियमांनी ही वाट स्पष्ट शब्दांत बंद केली आहे, एका प्रवाशाची सवलत दुसऱ्याच्या सवलतीत मिसळता येत नाही. मात्र लिओ फेंडर या गृहस्थाने गिटारची मान धडाला चार स्क्रूंनी बसवायची पद्धत रूढ केली, ती दुरुस्ती आणि उत्पादन सोपं व्हावं म्हणून, आणि तेव्हापासून मान नवऱ्याच्या बॅगेत व धड बायकोच्या बॅगेत, असा विचार किती सज्जनांच्या मनात येऊन गेला असेल याची मोजदाद नाही. गिब्सनवाल्यांना हा मोह होत नाही. त्यांची मान सरसाने चिकटवलेली असते.

प्रामाणिक हिशेब, असा शब्द मी मुद्दाम वापरला. कारण परदेशी खरेदीत उरणारी खरी बचत काही जाहीर न करता कस्टमच्या हिरव्या मार्गाने बाहेर पडण्यावर उभी असते, आणि तसं बाहेर पडणारी मंडळी त्याला ‘काही होत नाही रे’ असं म्हणतात. त्यासाठी जे नाट्य रचलं जातं ते पाहण्यासारखं असतं. गिटार जुनी दिसावी म्हणून केसवर स्टिकर चिकटवायचे, जुन्या गंजक्या तारा चढवायच्या, चकचकीत लाकडावर हाताचे ठसे उमटवायचे. घरी आल्यावर जो माणूस पुतण्याला ‘हात धुऊन आलास का?’ असं विचारणार आहे, तोच इथे आपल्या तीन लाखांच्या वस्तूला तेलकट बोटं पुसतो आहे. वादनाची अशी सुरुवात मला शुभ वाटत नाही.

आणि मावसभावाच्या उपकारावर एक ड्यूटी लागते, जिचा दर कुठल्याच अर्थसंकल्पात येत नाही. पुढची दहा वर्षं तो पहाटे तीन वाजता सहारला उतरेल तेव्हा गाडी तुमची. त्याच्या कोथरूडच्या बंद फ्लॅटचं मेंटेनन्स, गळका नळ, सोसायटीच्या सर्वसाधारण सभेतलं प्रॉक्सी मत, गावच्या जमिनीचा सातबारा, मावशीच्या गुडघ्याचा एमआरआय. प्रत्येक वेळी तो फक्त ‘जरा’ म्हणेल. तुम्हाला नाही म्हणता येणार नाही, कारण खोलीच्या कोपऱ्यात स्टँडवर पुरावा उभा आहे.

पैशांची बाजू इतकीच. खरा मुद्दा वस्तूच्या स्वभावाचा आहे. इलेक्ट्रिक गिटार हे नाव ऐकून लोकांना ती मिक्सरच्या जातीची वस्तू वाटते, बटणं आहेत, वायर आहे, म्हणजे एक पाहिली की सगळ्या पाहिल्या. शेजारचे आजोबा युनिट किती जळतात असंही विचारतात. खरं तर बहुतेक इलेक्ट्रिक गिटारना वीज लागतच नाही. चुंबक आणि तांब्याच्या वेटोळ्याचा पिकअप तारेच्या कंपनातून आपला बारीकसा प्रवाह स्वतः तयार करतो, वीज खातो तो अ‍ॅम्प्लिफायर. गिटार म्हणजे शेवटी सहा तारांच्या चाळीसेक किलोंच्या ओढीखाली ताठ उभं राहायला भाग पाडलेलं लाकूड. एकाच मॉडेलच्या दोन गिटारांत अर्ध्या किलोचा फरक सहज असतो, मानेची जाडी हाताने तासल्यामुळे सूतभर इकडेतिकडे होते, आणि तो सूतभर फरक डाव्या तळव्याला लगेच कळतो. डोळ्याला कळत नाही. मोठी अमेरिकन दुकानं हल्ली प्रत्येक गिटारचे वेगवेगळे फोटो आणि नेमकं वजन देतात, ही सोय उत्तमच आहे. पण फोटो कितीही मोठा केला तरी अंगठा तिच्या मानेमागे जात नाही.

हे आपल्याला कुणी नव्याने शिकवायला नको. मिरजेच्या सतारमेकरांकडे तंबोरा घ्यायला जाणारा गवई फोटो पाहून तंबोरा मागवत नव्हता. तो जायचा, बसायचा, चार तंबोरे छेडायचा, भोपळ्यावर कान ठेवायचा, आणि पसंत पडलेल्या तंबोऱ्याची जवारी कारागिराकडून आपल्या पट्टीप्रमाणे काढून घ्यायचा. काही महिन्यांनी जवारी बसली की पुन्हा मिरज. विक्री आणि देखभाल हे एकाच व्यवहाराचे दोन भाग होते. गिटारवाले ज्याला सेटअप म्हणतात तो त्याच जातीचा प्रकार: मानेतली लोखंडी सळी, म्हणजे ट्रस रॉड, पिळून मानेचा बाक नीट करायचा, तारांची उंची बसवायची, फ्रेटच्या कडा घासायच्या, सूर वरपर्यंत खरा लागतो का पाहायचं. हे काम एकदा करून भागत नाही. बहुतेक गिटारकार हवेतली आर्द्रता 45 ते 55 टक्के असावी म्हणतात. मुंबईचा जुलै ऐंशीच्या वर असतो आणि पुण्याची एप्रिलची दुपार तिशीखाली उतरते. नॅशव्हिलच्या वातानुकूलित कारखान्यात सरळ केलेली मान श्रावणात फुगते, वैशाखात आकसते, आणि आकसली की फ्रेटची टोकं कडेने बाहेर येऊन तळवा ओरखडतात. मान आपल्या हवेशी जुळवून घेईपर्यंत दोन-तीन वेळा दुकानात चकरा होतात. जे दुकान अमेरिकेतल्या इंडियानात आहे तिथे चकरा होत नाहीत.

त्यातून गिब्सनची एक ख्यातकीर्त खोड आहे. तिचं डोकं, ज्याला हेडस्टॉक म्हणतात, सुमारे सतरा अंशांनी मागे झुकलेलं. मान महोगनीच्या एका तुकड्याची. आणि डोकं जिथे मानेला मिळतं नेमकं तिथेच ट्रस रॉडच्या नटासाठी लाकूड कोरून काढलेलं. पार्सल एकदा नीट आपटलं की गिटार तिथे मोडते, केस शाबूत असली तरी. विमानातल्या सामानाचीही हमी नाही. 2008 साली डेव्ह कॅरोल या कॅनेडियन गायकाची टेलर गिटार युनायटेड एअरलाइन्सच्या प्रवासात मोडली, कंपनीने भरपाई नाकारली, आणि त्याने 2009 मध्ये ‘युनायटेड ब्रेक्स गिटार्स’ हे गाणं करून यूट्यूबवर टाकलं. ते जगभर गाजलं. न्याय मिळवायचा हा मार्ग सुंदर आहे, पण त्यासाठी चांगलं गाणं करता यावं लागतं, आणि ही अट आपल्यातल्या बऱ्याच ग्राहकांना जाचक ठरेल.

मोडली तर वॉरंटी आहे की, असं म्हणणाऱ्याने वॉरंटीचा कागद एकदा वाचावा. ती सहसा पहिल्या खरेदीदारापुरती, अधिकृत विक्रेत्याकडून घेतली तरच, आणि पुष्कळदा त्या-त्या देशापुरती असते. भावाने घेतली म्हणजे पहिला खरेदीदार भाऊ. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करायची मोठी सोय केली, जुन्या कायद्यात ती नव्हती. तेव्हा कागदोपत्री तुम्ही पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगातून परदेशातल्या दुकानाविरुद्ध दाद मागालही. ती नोटीस इंडियानातल्या त्या दुकानाच्या काउंटरवर कोण देणार आणि तारखेला तिथून कोण येणार, एवढं मात्र आधी ठरवून घ्यावं. इथल्या दुकानदाराला कायदा सांगावाही लागत नाही. शनिवारी संध्याकाळी गर्दीच्या वेळी दुकानात उभं राहून जरा वरच्या पट्टीत बोलायला लागलं की तो स्वतः चहा मागवतो.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप निवडीचा. इथे दोन रंग मिळतात, तिकडे बावीस. इथलं मॉडेल गेल्या सालचं, तिकडे कालचं. हे खरं आहे आणि खरंच राहणार, कारण तीन लाखांच्या वस्तूंचा साठा करून ठेवायला दुकानदाराचा जीव होत नाही. पण बावीस रंगांतून न पाहता निवडलेल्या एका गिटारपेक्षा हातात घेऊन निवडलेली दोनांतली एक बरी, आणि रंग वाजवणाऱ्याला दिसत नाही. तो समोरच्याला दिसतो. दुसरा आक्षेप नाजूक आहे: दुकानातली गिटार दोन पावसाळे भिंतीवर टांगलेली असते आणि गावातल्या प्रत्येक पोराने तिच्यावर त्याच चार सुरांचा तुकडा वाजवलेला असतो. तीन लाखांची गिटार तासभर मांडीवर घेऊन शेवटी वीस रुपयांचं प्लेक्ट्रम नेणारा प्राणी कुठल्याही दुकानाला चुकलेला नाही. हे ऐकून माझा जीव उलट भांड्यात पडतो. जी गिटार मुंबईचे दोन पावसाळे आणि दोनशे हौशी वादक पचवून अजून सरळ उभी आहे, तिच्याइतकी तपासलेली गिटार नॅशव्हिलच्या गुणवत्ता विभागालाही देता येणार नाही. फक्त तारा नव्या घालून घ्याव्यात.

मग उरते श्रद्धा. चांगला माल तिकडे ठेवतात, आपल्याकडे उरलासुरला पाठवतात, असं मनापासून मानणारे लोक आहेत, आणि त्यांच्याशी वाद घालणं अवघड असतं, कारण ही श्रद्धा गिटारच्या कितीतरी आधीची आहे. पेटीवाल्यांनी पॅरिसच्या आणि जर्मनीच्या रीड्‌सचे असेच पोवाडे गायले; पालिताण्याच्या रीड्‌सवर वाजणारी पेटी ऐकून ‘छान आहे, पण जर्मन नाही’ म्हणणारे होतेच. कान आधी लेबल वाचतो. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात एकवीस व्हायोलिनवादकांना काळे गॉगल घालून नवी व्हायोलिनं आणि स्ट्रॅडिव्हरी वगैरे जुनी व्हायोलिनं वाजवायला दिली. बहुतेकांनी घरी न्यायला नवं वाद्य निवडलं. जिथे तीनशे वर्षांचा फरक गॉगलमागून कळला नाही, तिथे एकाच कारखान्यातून एकाच आठवड्यात निघालेल्या दोन गिटारांतली कुठली आधी मुंबईला गेली हे कळणाऱ्या कानाला मी दंडवत घालीन.

आणि परदेशी लाकडाचं म्हणाल, तर फिंगरबोर्डावर जे गडद लाकूड दिसतं ते पुष्कळदा आपलं शिसव असतं. ज्याचे आजोबांच्या वेळचे पलंग आणि कपाटं जुन्या वाड्यांतून भंगारवाल्याने उचलून नेली, तेच. ते भारतातून फळ्यांच्या रूपात अमेरिकेला जातं, तिथे त्यावर फ्रेट ठोकले जातात, आणि परत येताना आपण त्यावर ड्यूटी भरतो. या शिसवाने अमेरिकेतही कमी घोटाळा केलेला नाही. 24 ऑगस्ट 2011 रोजी तिथल्या केंद्र सरकारच्या सशस्त्र अधिकाऱ्यांनी गिब्सनच्या नॅशव्हिल आणि मेम्फिसच्या जागांवर छापा घातला, तो भारतातून आलेल्या शिसव आणि एबनीच्या पट्ट्यांवरून: भारताच्या निर्यात कायद्यात त्या बसतात की नाही, हा प्रश्न होता. भारतीय कायद्याचा इतका कडवा कैवार इतकी शस्त्रं घेऊन भारतातही कुणी घेतला नसेल. पुढच्या वर्षी कंपनीने तीन लाख डॉलर दंड भरून तडजोड केली, त्यातला मुख्य मामला मादागास्करच्या एबनीचा होता. 2017 च्या जानेवारीपासून शिसवाच्या साऱ्या जातींवर दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराबद्दलच्या साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराची बंधनं आली आणि शिसवी फिंगरबोर्डाची गिटार सरहद्दीपलीकडे पाठवायला परवाने लागू लागले. नोव्हेंबर 2019 मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. ब्राझीलच्या शिसवाला सूट नाही. पन्नास-साठच्या दशकांतली जुनी गिटार परदेशातून आणायला निघालेल्या शौकिनाने आपल्या स्वप्नातल्या फिंगरबोर्डाची जात आधी विचारून घ्यावी, नाहीतर वनस्पतिशास्त्र कस्टमच्या टेबलावर शिकावं लागतं.

तेव्हा दुकानात जावं. तीन दुकानांत जावं. किंमत उतरत नाही असं दुकानदार शपथेवर सांगेल, आणि तो खोटं बोलत नसतो, कारण कंपनी त्याचा हात धरून असते. अशा वेळी किमतीला हात न लावता तिच्या भोवती फिरावं: कडक केस त्यातच द्या, दोन संच तारा, चांगली केबल, पट्टा, आणि वर्षभरातले तीन सेटअप फुकट, यातला एक गणपतीनंतर. हे सगळं बिलाच्या मागे लिहून, गिटारचा अनुक्रमांक घालून, सहीशिक्क्यासह घ्यावं. केस, केबल, पट्टा, तारा आणि सेटअप यांची बाजारभावाने बेरीज केली तर मावसभावाकडून वाचणार होते त्या एकवीस हजारांपैकी बरेच इथेच सुटतात, आणि घरी जेवताना सांगायला बचतीचा आकडाही मिळतो.

अपवाद एकच मानतो, डावखुऱ्यांचा. इथल्या दुकानांत महाग डावी गिटार जवळपास नसतेच. डावखुरा ग्राहक आला की दुकानदार उजवीच गिटार उलटी करून त्याच्या हातात देतो आणि म्हणतो, ‘साहेब, जिमी हेंड्रिक्स अशीच वाजवायचा.’ वाजवायचा खरा, तारा उलट्या चढवून. पण बाकी सगळं हेंड्रिक्ससारखं जमत असेल तरच हा सल्ला उपयोगी. डावखुऱ्याने खुशाल तिकीट काढून टोकियोच्या ओचानोमिझूला जावं, तिथे रस्ताभर गिटारचीच दुकानं आहेत आणि डाव्या गिटारही मिळतात. फक्त निघण्यापूर्वी त्याने कुठल्याही ग्रुपवर आपण जपानला चाललो आहोत असं लिहू नये, नाहीतर चार उजव्यांचे ‘येताना जरा’ म्हणून फोन येतील.